आगीतून निघालेली बंदूक

विळ्याला पाणी देणे म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लोहार पाते लाल करतो, चर्रकन पाण्यात बुडवतो, मग पुन्हा मंद आचेवर धरतो आणि पात्यावर पिवळसर छटा उमटली की बाजूला काढतो. असा विळा धार धरतो. आता हाच विळा चुकून चुलीत पडला आणि रात्रभर निखाऱ्यांत राहिला, तर सकाळी काय दिसते? विळाच दिसतो. राख झटकली, विटकरीने घासला, तर चकाकतोसुद्धा. पण उसाच्या पहिल्या कांड्यालाच त्याची धार वळते. मग आपण म्हणतो, "गेला, याचे पाणी उतरले."

आज जी हकिगत सांगायची आहे ती या उतरलेल्या पाण्याचीच आहे. मात्र विळ्याची नाही, बंदुकीची. विळ्याचे पाणी उतरले तर फार झाले तर कापणी खोळंबेल. आगीत सापडलेली बंदूक मात्र बाहेरून शाबूत दिसली आणि कोणी तिच्यात बार भरला, तर हात जाईल, डोळा जाईल, कदाचित जीवही जाईल. आपल्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे कोकणात आणि गोव्यात पुष्कळ आहेत, इतरत्रही आहेत. घराला आग लागणेही काही नवलाचे नाही. म्हणून हा विषय दूरचा वाटला तरी दूरचा नाही. पण आधी थोडा इतिहास पाहू या. जळालेल्या शस्त्रांचे काय करायचे, हा प्रश्न मोठमोठ्या सरकारांपुढेही येऊन गेला आहे.

लंडन शहरात टेम्स नदीच्या काठी एक जुना किल्ला आहे. त्याला टॉवर ऑफ लंडन म्हणतात. राजमुकुट आणि जडजवाहीर तिथे ठेवलेले, आणि शेकडो वर्षे इंग्लंडच्या फौजेचे मोठे शस्त्रागारही तिथेच. या शस्त्रागाराची मुख्य इमारत १६८८ साली बांधायला घेतली आणि १६९२ साली पुरी झाली. लांबी सुमारे साडेतीनशे फूट. खालच्या मजल्यावर तोफा आणि लढायांत जिंकून आणलेली शस्त्रे, वरच्या मजल्यावर हजारो बंदुका. त्या नुसत्या रचून ठेवलेल्या नव्हत्या. खांबांभोवती, भिंतींवर, नक्षी काढावी तशा मांडलेल्या होत्या आणि त्या पाहायला लोक येत असत.

या बंदुकांशी आपलाही एक धागा जुळतो. १७९० नंतरच्या दशकात फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडू लागल्या. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातल्या आपल्या पलटणींसाठी एक साधा, स्वस्त, चटकन तयार होणारा नमुना बनवून घेतला होता. सरकारने त्या बंदुका कंपनीकडून विकत घेतल्या आणि पुढे तोच नमुना आपल्या फौजेसाठी पत्करला. त्याचे नावच पडले 'इंडिया पॅटर्न'. चकमकीची गार पोलादावर आपटायची, ठिणगी कानातल्या रंजकात पडायची आणि मग नळीतला बार उडायचा, अशी ही बंदूक. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानात पेशव्यांच्या फौजेसमोर कंपनीचे शिपाई उभे राहिले, त्यांच्या हाती अशाच चकमकीच्या बंदुका होत्या.

तर ३० ऑक्टोबर १८४१, शनिवारची रात्र. साडेदहाचा सुमार. शस्त्रागाराला लागूनच असलेल्या बोयर टॉवर नावाच्या बुरुजात आग दिसली. शेगडीचे धुराडे फाजील तापले आणि त्यातून पेट घेतला, असे कारण दिले जाते. बुरुजातून आग शस्त्रागाराच्या छपरात शिरली. आत वाळलेले लाकूड आणि हजारो बंदुकांचे लाकडी दस्ते! मग विचारता काय? सगळी इमारत भट्टीसारखी धगधगू लागली. राजमुकुट जवळच्याच दुसऱ्या बुरुजात होता. त्याच्या संदुकीच्या किल्ल्या जागेवर नव्हत्या, तेव्हा पोलिसांनी पहारी घालून गज वाकवले आणि जवाहीर बाहेर काढले. ते वाचले. शस्त्रागार मात्र जळून नुसत्या भिंती उरल्या.

राख निवाल्यावर काय दिसले असेल, याची कल्पना करा. दस्ते जळून गेलेले. नळ्या एकमेकींत अडकून वाकड्यातिकड्या झालेल्या. पितळेचे भाग वितळून लोखंडावर थिजलेले. अशा गोळ्यांचे तुकडे पुढे लोकांना आठवण म्हणून विकले गेले. काही आजही संग्रहांत पाहायला मिळतात. मोठ्या तोफांपैकी काही टिकल्या. माल्टा बेटावर १७७३ साली ओतलेली, नक्षीकाम केलेली एक कांस्य तोफ या आगीत होरपळली, पण वाचली. ती टॉवरमध्ये जपून ठेवलेली आहे. लक्षात घ्या, ती जपली ती पाहण्यासाठी, डागण्यासाठी नव्हे. होरपळलेल्या शस्त्राचा मान राखण्याची ही एक रीत झाली.

या आगीचा आणखी एक परिणाम झाला. चकमकीची बंदूक दगा फार देत असे. १८३४ साली वुलविच येथे चकमकीची आणि केपाची अशा दोन्ही तऱ्हांच्या बंदुका शेजारीशेजारी ठेवून सहासहा हजार बार काढून पाहिले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा उडाली नाही. केपाची फक्त ३६ वेळा चुकली. तेव्हा चकमक सोडून केपाकडे जायचे हे ठरल्यासारखेच होते. पण सरकारी काटकसर काय सांगते? जुने भाग साठ्यात पडून आहेत, तेच वापरून नवी बंदूक जुळवा. १८३९ चा नमुना तसाच जुन्या भागांवर बेतला होता. टॉवरच्या आगीत त्या भागांचा मोठा साठा गेला. मग १८४२ चा नमुना मुळापासून नव्या भागांचा झाला. आगीने केलेले नुकसान तर झालेच. पण जळके भाग घासूनपुसून पुन्हा शिपायाच्या हाती द्यावेत, या फंदात फौज पडली नाही, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

आता दुसरी आग. ही अमेरिकेतली. पोटोमॅक आणि शेनान्डोआ या दोन नद्यांच्या संगमावर हार्पर्स फेरी नावाचे गाव आहे. तिथे सरकारी बंदुकांचा कारखाना होता आणि शेजारी तयार बंदुकांची कोठारे होती. १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले आणि व्हर्जिनिया राज्याची फौज कारखाना घ्यायला चालून आली. आत सरकारची मूठभर माणसे होती. लेफ्टनंट रॉजर जोन्स त्यांचा नायक. गाव राखणे शक्य नाही हे ओळखून त्याने १८ एप्रिलच्या रात्री कोठारांना आणि कारखान्याला आग लावली आणि माणसे घेऊन निघून गेला. सुमारे पंधरा हजार बंदुका जळाल्या.

पण कारखान्याच्या इमारतींतली आग गावकऱ्यांनी बऱ्याच अंशी विझवली आणि यंत्रे वाचली. चालून आलेल्या फौजेने ही यंत्रे सोडवून रिचमंड आणि फेयेटव्हिल या दोन शहरांत नेली आणि तिथे बंदुका करायला सुरुवात केली. म्हणजे खरी दौलत कोणती ठरली? यंत्रे, मापाचे साचे आणि ते वापरणारे कारागीर. याच गावात १८२० नंतरच्या दशकात जॉन हॉल नावाच्या कारागिराने अशा बंदुका करून दाखवल्या होत्या की, एकीचा घोडा दुसरीला, दुसरीचा चाप तिसरीला बिनचूक बसावा. हे साधले ते नजरेच्या अंदाजाने नाही, तर प्रत्येक भाग ठरीव मापात घालून तपासल्यामुळे. भाग मापात बसला तर घ्यायचा, नाही तर बाजूला टाकायचा. हे सूत्र मनात ठेवा. ते पुढे उपयोगी पडणार आहे.

तिथल्या यादवी युद्धाची एक आठवण फार उशिरा जागी झाली. २००८ साली व्हर्जिनियात जुने तोफगोळे जमवणारा एक अनुभवी माणूस त्या काळातला गोळा साफ करीत होता. गोळा फुटला आणि तो माणूस जागीच ठार झाला. दीडशे वर्षांच्या जवळपास काळ लोटला, तरी आतली दारू मेली नव्हती! काळी दारू भिजली तर निकामी झाली असे लोक समजतात. वाळली की ती पुन्हा पेटू शकते. आग विझवताना बंबाचे पाणी पडले म्हणजे नळीतला बार गेला, असा हिशेब कोणी करू नये, तो यासाठी.

बरे, शस्त्र धड आहे की नाही हे ठरवायचे कसे? हा प्रश्नही जुनाच. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली राजाची सनद मिळाली आणि नळ्यांचा कस पाहून त्यांवर शिक्का मारण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला. बर्मिंगहॅमला असे कसोटीघर १८१३ च्या कायद्याने झाले. तिथली रीत ऐकण्यासारखी आहे. नळीत नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त दारू भरायची. ती भक्कम भिंतींच्या खोलीत पक्की बसवायची. माणसांनी बाहेर जायचे, दार लावायचे आणि लांबून बत्ती द्यायची. नंतर आत जाऊन नळी फाटली आहे का, फुगली आहे का, चिरली आहे का, ते बारकाईने पाहायचे. उतरली तर शिक्का, नाही तर मोडीत. यातली मेख अशी की, हा शिक्का ज्या दिवशी मारला त्या दिवशीच्या लोखंडाची ती साक्ष असते. पुढे नळी घासून पातळ केली, तिला वेल्डिंग केले किंवा ती आगीत सापडली, तर जुन्या शिक्क्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिक्का जळत नाही, पण त्याचा अर्थ जळून जातो.

आता आगीने लोखंडाचे नेमके काय होते ते पाहू. शाळेतल्या गुरुजींना हा भाग विशेष कामाचा वाटेल.

बंदुकीत सगळेच लोखंड एका जातीचे नसते. जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी बहुधा नरम घडीव लोखंडाची असे. तिला विळ्यासारखे पाणी दिलेले नसते. पण घोड्यामागची कमान, घोडा अडवून धरणारी खिटी, ठिणगी पाडणारे पोलाद यांचे सगळे बळ दिलेल्या पाण्यात असते. पोलाद तापू लागले की त्याचे रंग पालटतात. साधारण २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. कमानीला पाणी देणारा कारागीर या निळ्यापाशी थांबतो. आच त्याच्या पुढे गेली की कमान हळूहळू ढिली होते. लाल होऊन सावकाश निवली, तर तारेसारखी वाकते. घोडा चढवला तरी तो धरून राहील याची शाश्वती नाही. म्हणजे चापाला बोट न लावता बार उडायचा धोका.

अलीकडच्या काडतुसाच्या बंदुकीची गोष्ट आणखी नाजूक. तिची नळी पोलादाची, आणि त्या पोलादाला कारखान्यात मोजूनमापून आच आणि थंडावा देऊन बळ आणलेले असते. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांमधली पट्टी पुष्कळदा कथलाच्या डागाने जोडलेली असते. कथील २३२ अंशांना वितळते. म्हणजे नळी वरून शाबूत दिसत असतानाच तिचा सांधा सुटलेला असू शकतो. आणि बार उडताना आत जो दाब होतो, तो आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या कित्येकशे पट असतो. एवढा दाब चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर! तिथे "बघू या चालते का" असे म्हणून चालत नाही.

घरात आग किती तापली होती हे कसे कळावे? स्वयंपाकघरातली भांडी हीच साक्षीदार समजा. पितळेच्या भांड्याची कल्हई वितळून तिचे थेंब झाले असतील, तर तिथे २३२ अंश ओलांडले होते. कल्हई म्हणजे कथीलच ना. जाळ्याचे शिसे वितळले असेल तर ३२७ च्या वर. ॲल्युमिनियमचे पातेले बसले असेल तर ६६० च्या वर. पितळेचा तांब्या वितळला असेल तर ९०० च्याही वर. तांब्याचा हंडा १०८० च्या पुढेच वितळतो. बंद खोली पुरती पेटली की ८०० ते १००० अंश उष्णता सहज होते. तेव्हा ज्या खोलीत बंदूक होती तिथल्या वस्तू कोणत्या अवस्थेत आहेत, ही खूण तपासणाऱ्याला फार उपयोगी पडते. मात्र एक सावधगिरी बाळगा. भांडी वितळली असतील तर बंदूक बिघडली असे समजायला हरकत नाही; पण भांडी वितळली नाहीत म्हणून बंदूक चांगली, असे मात्र म्हणता येत नाही. छपराजवळ आणि जमिनीजवळ उष्णतेत जमीनअस्मानाचा फरक असतो.

गुरुजींनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. शिवणकामाच्या दोन सुया घ्याव्यात. एक तशीच ठेवावी. दुसरी पकडीत धरून स्पिरिटच्या दिव्यावर स्वतः लाल करावी आणि हवेत सावकाश निवू द्यावी. निवल्यावर काजळी पुसून दोन्ही मुलांपुढे ठेवा. कोणती कोणती हे चटकन ओळखू येणार नाही. मग दोन्ही पकडीने, डोळ्यांपासून दूर आणि फडक्याखाली वाकवा. पहिली कडकन मोडेल, दुसरी मुकाट्याने वाकेल. रूप तेच, गुण मात्र बदलला. मुलांच्या हे जन्मभर ध्यानात राहील.

इतिहास झाला, शास्त्र झाले. आता आपल्या घराकडे येऊ. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रानडुक्कर आणि माकडे यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला ही बंदूक म्हणजे आधार वाटतो. कुठे ती आजोबांच्या हातची असते. परवाना वारसाने नातवाच्या नावावर झालेला असतो. अशी वस्तू राखेत काळी होऊन पडलेली पाहिली की जीव तुटतो. हात आपोआप पुढे जातो. तिथेच थांबावे.

आग चालू असतानाच पहिली गोष्ट करायची. घरात बंदूक आणि काडतुसे आहेत, कोणत्या खोलीत आहेत, हे बंबवाल्यांना आणि मदतीला धावलेल्या गावकऱ्यांना ओरडून सांगायचे. सुटी काडतुसे आगीत फुटतात तेव्हा त्यांचे तुकडे आसपास उडतात. पण भरलेल्या बंदुकीतले काडतूस गोळी झाडावी तसे नळीतून सुटते. ती नळी कोणाच्या दिशेला आहे हे आगीला ठाऊक नसते. भरलेली बंदूक घरात ठेवू नये, असे जाणती माणसे सांगत आली, त्याचे हेही एक कारण आहे.

आग विझली. मग बंदुकीला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे. जळाली तरी कायद्याच्या दृष्टीने ती बंदूकच आहे, आणि परवाना तुमच्या नावावर आहे. ती भंगारवाल्याला देता येत नाही आणि पुरून टाकताही येत नाही. पंचनामा होईपर्यंत नळीच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. गज घालून पाहण्याची हौस घरच्या माणसाने करू नये. ते काम जाणकाराचे.

इथे कोणी म्हणेल, "आमचा लोहार काय कमी जाणकार आहे? पाणी द्यायला तोच तर जाणतो." खरे आहे, पण दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे कायदा. शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी यांना परवाना लागतो. तो नसताना लोहाराने दुरुस्ती केली तर तुमच्याबरोबर तोही अडकेल. दुसरी गोष्ट शास्त्राची. बंदुकीचे पोलाद कोणत्या जातीचे, त्याला कारखान्यात किती आच दिली होती, हे ठाऊक नसताना पुन्हा पाणी देणे म्हणजे अंधारात दगड मारणे. फाजील कडक झालेली नळी मडक्यासारखी फुटेल.

परवानाधारक बंदूककार काय करतो? आधी ती रिकामी असल्याची खात्री. मग सगळे भाग सुटे. नळी सरळ आहे का, आतून कुठे फुगलेली आहे का, हे मापाने पाहणे. हार्पर्स फेरीचे सूत्र तेच. दुनळी असेल तर नळ्या टांगून त्यांवर हलकेच टिचकी मारून आवाज ऐकणे. आपण बाजारात मडके घेताना हेच करतो, नाही का? खणखणीत वाजले तर सांधे धरून आहेत, बद्द वाजले तर सुटलेले. कमानी निळ्या झाल्या आहेत की राखाडी, तेही पाहणे. आणि शंका उरली तर पोलादाचा कडकपणा यंत्राने मोजणे. कडक पोलादी गोळी ठरीव भाराने दाबायची आणि खळगा किती पडला ते मोजायचे, ही युक्ती स्वीडनच्या ब्रिनेल या इंजिनिअराने १९०० साली जगापुढे मांडली. एवढे करूनही निकाल बहुतेक वेळा दोनांपैकी एक लागतो. आच नुसती दस्त्यालाच लागली असेल आणि लोखंड तापलेच नसेल, तर नवा दस्ता बसवून बंदूक परत येऊ शकते. नळी किंवा कळ तापली असेल, तर बंदूक मोडीत काढणे हाच शहाणपणा. काडतुसे आणि दारू यांचा तर प्रश्नच नको. आगीची झळ लागलेले एकही काडतूस पुन्हा वापरायचे नाही, सगळी पोलिसांच्या हवाली करायची.

घाई फक्त एका बाबतीत हवी. बंबाचे पाणी, काजळी आणि जळालेल्या प्लॅस्टिकचा आंबट धूर एकत्र आले की लोखंडाला दोन दिवसांत गंज धरतो. पंचनामा लवकर व्हावा आणि बंदूक लवकर बंदूककाराच्या हाती पडावी, यासाठी तगादा लावावा. तिथे ती कोरडी होऊन तेलाचा हात फिरला, की निदान तपासण्याजोगी राहते.

आता कोणी विचारील, शेतकऱ्याची एवढी मोलाची वस्तू, ती मोडीत काढा असे सांगणे सोपे आहे. नवी कुठून आणायची? प्रश्न रास्त आहे. मोड निघालेल्या बंदुकीचे पैसे कोणी भरून देत नाही, आणि नव्या परवान्याचे हेलपाटे कोणाला चुकलेले नाहीत. परंतु हिशेब करताना दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. उजवा हात गेलेल्या माणसाच्या शेतात मग राखण कोण करणार? लंडनच्या सरकारला पैशाची चणचण नव्हती असे नाही. ज्या फौजेने एकेक जुना भाग पुन्हा वापरण्याचा बेत केला होता, तिनेही राखेतल्या बंदुका शिपायाच्या खांद्यावर दिल्या नाहीत. होरपळलेली तोफ त्यांनी चौथऱ्यावर ठेवली आणि लोकांना पाहू दिली.

आजोबांच्या बंदुकीचेही तसेच करता येते का, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला विचारून, तो सांगेल त्या रीतीने ती कायमची निकामी करून आठवण म्हणून ठेवता येईल का, हे पाहावे. नाही जमले तर तिचा जुना फोटो भिंतीवर लावावा. आठवण लोखंडात नसते. आणि पाणी उतरलेल्या विळ्यावर विसंबून ज्याप्रमाणे कोणी कापणीला उतरत नाही, त्याप्रमाणे आगीतून निघालेल्या बंदुकीवर विसंबून कोणी रानात जाऊ नये, एवढेच आजच्या भाषणाचे सांगणे.